हाताखालचा माणूस

या अंकातलं वाचकांच्या प्रश्नांचं सदर मालिशचं काम करणाऱ्यांसाठी राखलं आहे. स्पा, पंचकर्म, बाळ-बाळंतिणीची मालिश, आजाऱ्याच्या अंगाला हात लावणं, अशा निरनिराळ्या ठिकाणांहून पत्रं आली आहेत. जागेसाठी ती थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

प्रश्न: मी ३३ वर्षांची आहे. सात वर्षं एका हॉटेलच्या स्पामध्ये थेरपिस्ट आहे. दिवसाला सहा आणि शनिवार-रविवारी आठ गिऱ्हाइकं. स्वीडिश, डीप टिश्यू, अरोमा अशी नावं वेगळी, हात तोच. साठ मिनिटं झाली की चादर बदलायची आणि पुढचं माणूस घ्यायचं. सुरुवातीला वाटायचं, आपल्यामुळे कुणाला तरी बरं वाटतंय. हल्ली हात चालतो, मन तिथं नसतं. हे काम सोडावं, की याच कामात काही खोल सापडू शकतं? (चिंचवड)

उत्तर: ताई, सोडायचं की नाही हे आज ठरवू नका. आठ तास रगडून घरी गेलेल्या माणसाला कुठल्याच कामात अर्थ दिसत नाही. अंगावर प्रत्यक्ष हात असलेला वेळ दिवसाला चार ते पाच तासांच्या पुढे गेला, की आधी मनगटं बोलायला लागतात आणि मग लक्ष उडतं. म्हणून पहिल्यांदा हे तपासा: सलग चार दिवस रजा काढा. परतल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाच्या पाठीवर हात ठेवताना थोडी तरी उत्सुकता वाटली, तर तुमचा प्रश्न थकव्याचा आहे. मग मॅनेजरशी एकाच गोष्टीसाठी भांडा, दोन गिऱ्हाइकांमध्ये वीस मिनिटं. चादर, हात धुणं, पाणी पिणं यांत दहा जातात. उरलेली दहा कशासाठी ते पुढे येतंच आहे.

रजेनंतरही पाठ ही नुसती पाठच वाटली, तर तासाची सुरुवात बदला. माणूस झोपण्याआधी त्याला समोर बसवून चार गोष्टी विचारा. आज कुठं दुखतंय? कधीपासून? कशानं वाढतं? काही औषधं, ऑपरेशन, गरोदरपण? दोन मिनिटं लागतात. मग तो पालथा झोपला, की एक तळवा दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या, मध्ये आणि दुसरा कमरेवर नुसता ठेवा. तेल नाही, दाब नाही. त्याचे तीन श्वास होऊ द्या. श्वास वरच्या हाताखाली येतोय की खालच्या? एक फरा दुसऱ्यापेक्षा वर आहे का? मानेपासून खांद्याकडे जाणारा स्नायू दोरीसारखा लागतोय की भिजवलेल्या कणकेसारखा? हात ठेवताच पाठ वर येते की खाली बसते? इतकं कळल्यावर तुम्हाला साठ मिनिटांचा ठरलेला क्रम जसाच्या तसा करावासाच वाटणार नाही. ज्या गिऱ्हाइकाचं सगळं दुखणं उजव्या खांद्यात आहे, त्याच्या पोटऱ्यांना वीस मिनिटं देण्यात काय हशील?

वेगाकडे बघा. आपल्या केसाळ त्वचेत मज्जातंतूंचा एक बारीक प्रकार असतो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं फिरणाऱ्या मऊ, कोमट स्पर्शाला तो सगळ्यांत चांगला प्रतिसाद देतो, आणि तीन सेंटिमीटरच्या आसपास तो विशेष जागा होतो. त्याचा संबंध दाब ओळखण्याशी कमी आणि बरं वाटण्याशी जास्त आहे. मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर धरले, तर एक हात खाली यायला पंधरा सेकंद लागायला हवेत. थकलेला हात तेच अंतर तीन-चार सेकंदांत कापतो. पहिल्या आणि शेवटच्या पाच मिनिटांत तरी मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजा. मोजता मोजता मनही हातापाशी परत येतं.

आता एक जरा अवघड गोष्ट. स्पाच्या कार्डावर लिहिलेलं असतं, ‘शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात’, ‘लॅक्टिक ॲसिड निघून जातं’. तुम्हाला ही वाक्यं दिवसातून आठदा म्हणावी लागतात. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात आपलं आपण उतरतं, त्याला मालिश लागत नाही; आणि विषारी द्रव्यांचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. आपल्यालाच खरं वाटत नाही ते रोज बोलावं लागणं, हेही मन उडण्याचं कारण असतं. मालिशनं जे होतं ते सांगा: दुखणं काही काळ कमी होतं, स्नायू सैल पडतात, बहुतेकांना झोप बरी लागते, धास्ती उतरते. ‘दोन-तीन दिवस मान हलकी राहील, पण लॅपटॉप मांडीवरून टेबलावर घेतला नाहीत तर पुन्हा धरेल’ असं सांगून पाहा. गिऱ्हाईक तुटत नाही. उलट पुढच्या वेळी नाव घेऊन तुम्हालाच मागतं.

आणि वही. दहा मिनिटं राखून ठेवली ती हिच्यासाठी. माणसाच्या नावाची दोन अक्षरं, तारीख, आधी काय, केलं काय, नंतर काय, एवढ्या चार ओळी पुरतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ मोजता येईल असं लिहा. मान उजवीकडे पूर्ण वळवल्यावर हनुवटी आणि खांद्याच्या टोकात किती बोटं अंतर राहतं? दुखणं दहापैकी किती? ‘आधी सहा बोटं, नंतर चार’ हे लिहिताना काय वाटतं ते एकदा अनुभवा. पूर्ण नाव आणि फोन नंबर वहीत नको, आणि वही कुलपात. तीन महिन्यांनी चाळली, की तुमचा हात कुणाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो ते दिसेल: कॉम्प्युटरवाल्यांच्या माना असतील, धावणाऱ्यांच्या मांड्या असतील, साठी उलटलेल्या बायकांचे गुडघे आणि पाय असतील. मग तेवढ्याच विषयाचं पुढचं शिक्षण घ्या आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस त्याच माणसांसाठी ठेवा. सगळ्यांना सगळं देणारा तास कंटाळवाणा होतो.

एक प्रसंग असा येईल, की त्या दिवशी मालिश न करणं हेच तुमचं काम असेल. लांबच्या विमानप्रवासाहून आलेला, नुकतंच प्लास्टर काढलेला किंवा महिन्याभरात ऑपरेशन झालेला माणूस म्हणतो, ‘ही एकच पोटरी फार भरून आली आहे, जरा जोरात दाबा.’ दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा. एक सुजलेली, गरम, किंचित लालसर, दाबल्यावर दुखणारी असेल, तर हात उचला. शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते, आणि रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. ‘आज मालिश नको, आजच डॉक्टरांना दाखवा’ असं स्पष्ट सांगा, आणि पैसे घेऊ नका.

प्रश्न: सासूबाई पस्तीस वर्षं गावात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या. आता त्यांच्यानं होत नाही, म्हणून मी सहा घरं धरली आहेत. पण नव्या सुना म्हणतात, डॉक्टरांनी मालिश नको सांगितलंय. सासूबाई म्हणतात नाकात तेल सोड, डोकं दाबून गोल कर, धुरी दे. या कामाला आता किंमत उरली आहे का? काय ठेवू, काय सोडू? (तासगाव तालुका)

उत्तर: आधी सोडायचं काय ते बघू, कारण त्यानंच डॉक्टर आणि तुमच्यात भिंत उभी राहिली आहे.

नाकात आणि कानात तेल नको. तान्ह्या बाळाला नाकातलं तेल नीट गिळता येत नाही, ते थेंबाथेंबानं फुप्फुसात उतरतं आणि तिथं न्यूमोनिया होतो. डोकं दाबू नका; जन्मताना लांबट झालेलं डोकं काही आठवड्यांत आपोआप सारखं होतं, आणि टाळूच्या जागी हाड अजून भरलेलं नसतं. बाळाच्या छातीला गाठीसारखी सूज दिसते, कधी दुधासारखा थेंबही येतो. तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम असतो आणि आपला आपण जातो. पिळून काढायला गेलं तर पू होतो. धुरी नको, बाळाच्या श्वासनळ्या फार बारीक असतात. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. लव जावी म्हणून डाळीचं पीठ घासणं नको. पाय सरळ ओढून घट्ट बांधणं तर अजिबात नको, त्यानं खुब्याचा सांधा नीट बसत नाही. उलटं टांगणं आणि वर उडवणं कायमचं बंद. सासूबाईंना हे सांगताना ‘तुमचं चुकलं’ असं म्हणायची गरज नाही. त्यांना त्यांच्या सासूनं जे शिकवलं ते त्यांनी मनापासून केलं. आज कारणं कळली आहेत, एवढंच.

आता ठेवायचं काय. पाय लांब करून, पायांवर बाळ घेऊन बसण्याची तुमची रीत ठेवा. बाळ दोन नडग्यांच्या खोबणीत बसतं, घसरत नाही, आणि त्याला तुमच्या अंगाची ऊब मिळते. बोलणं, गुणगुणणं ठेवा. रोज तीच वेळ आणि तोच क्रम ठेवा.

खोलीत वारा नको, पंखा बंद. पाजल्यानंतर पाऊण तास तरी जाऊ द्या, नाहीतर दूध वर येतं. अंगठ्या, बांगड्या काढा, नखं कापा, हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. तेल एक ते दोन चहाचे चमचे पुरतं. वाटीभर ओतलं तर बाळ निसटतं. आपल्याकडे खोबरेल चालतं. मोहरीचं तेल तान्ह्या त्वचेला बाधतं, ते टाळा. नवं तेल असेल तर आदल्या दिवशी मांडीवर एक थेंब लावून बघा. सुरुवात तळपायापासून, कारण पायाला हात लावलेला बाळ लवकर मानून घेतं. मग घोट्याकडून मांडीकडे, हात, छाती आणि शेवटी पाठ. नाळ पडून बेंबी कोरडी होईपर्यंत पोटाला हात नको; नंतर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. दाब गुदगुल्या होतील इतका हलका नको आणि त्वचा लाल होईल इतका जोरातही नको. दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. बाळ तोंड फिरवायला लागलं, मुठी आवळल्या, उचक्या लागल्या, अंगावर जांभळट जाळी दिसली, की थांबायचं. लस दिलेल्या मांडीला दोन दिवस हात नाही, आणि तापात मालिश नाही. जन्मल्यावर पहिले चोवीस तास अंघोळही नाही.

‘डॉक्टरांनी मालिश नको सांगितलं’ यामागे बहुतेक वेळा वर सोडायला सांगितलेल्या गोष्टीच असतात. नीट केलेल्या स्पर्शाचा उपयोग तपासलेला आहे. अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६मध्ये कमी दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस हात फिरवला आणि हातपाय हलवले. असा हात न फिरवलेल्या बाळांपेक्षा त्या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. तुमच्याकडे कमी वजनाचं बाळ आलं, तर डॉक्टरांना विचारूनच हात लावा; पण विचारा नक्की.

बाळंतिणीचं: साध्या बाळंतपणानंतर पाय, पाठ, खांदे हलक्या हातानं चालतात. सिझर झालं असेल तर टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला तेल नाही, दाब नाही, पट्टा आवळणं नाही. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून वरच्या उत्तरातली पोटरीची खूण पाठ करा.

किंमतीचं विचारलंत. आशाताई घरभेटीला येते ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, म्हणजे सहा वेळा. तुम्ही सव्वा महिना रोज येता. बाळाचे सगळे कपडे काढून, उजेडात, रोज दुसरं कोण बघतं? म्हणून हात फिरवता फिरवता या गोष्टी बघत जा. पोट गरम आणि तळपाय गार लागले, तर बाळाला थंडी वाजते आहे; लगेच आईच्या उघड्या छातीशी लावून वर पांघरूण घाला. पोटही गार लागलं, बाळ दूध ओढत नाही, छाती आत ओढली जाते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, बेंबीतून पू येतो, यांपैकी एक जरी असेल तर मालिश राहू द्या आणि दवाखाना गाठायला लावा. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून उभी केली, आणि तिथले बालमृत्यू उतरले. खेड्यातल्या बाईच्या हातात काय करण्याची ताकद असते, त्याचा हा आपल्याच राज्यातला दाखला.

आईकडेही बघा. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणं साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटले तरी ती रडते, बाळ झोपलं तरी तिला झोप नाही, बाळाकडे बघत नाही, ‘मी नसते तर बरं’ असं काही बोलते, तर हा आजार आहे आणि तो बरा होतो. घरच्यांसमोर न बोललेलं ती तेल लावून घेताना, तुमच्याकडे पाठ असताना बोलते. ऐकून घ्या, आशाताईला आणि डॉक्टरांना सांगा, शेजारच्या घरी सांगू नका. ‘आपल्या जिवाला काही करीन’ असं बोलली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला लावा.

प्रश्न: गोव्यात पंचकर्म केंद्रात बारा वर्षं काम करतोय, वय ४१. दोन्ही अंगठे दुखतात, सकाळी चावी फिरवता येत नाही. काम आवडतं, पण किती दिवस निभेल? (म्हापसा)

उत्तर: अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवून बघा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधांना सूज असण्याची दाट शक्यता आहे. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर नस दाबली जातेय. दोन्हींसाठी हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना आत्ता दाखवा. ‘सीझन संपल्यावर’ म्हणून ढकललेलं दुखणं पुढे इंजेक्शनवर किंवा ऑपरेशनवर जातं.

कामात बदल करण्याजोगं पुष्कळ आहे. टेबलाची उंची: सरळ उभं राहून हात सैल सोडा आणि मूठ वळा, बोटांची पेरं टेबलाच्या गादीला लागली पाहिजेत. जाड अंगाचं माणूस असेल तर आणखी दोन इंच खाली. द्रोणी, म्हणजे तेलाच्या मालिशचं टेबल, लाकडाची आणि पक्की असेल, तर पायाखाली घट्ट बसणारी फळी घ्या. एक पाय पुढे, एक मागे ठेवा आणि दाब मागच्या टाचेतून येऊ द्या. खांद्यातून ढकललंत की सगळा भार अंगठ्यावर येतो. पाठीचे लांब हात कोपराखालच्या सपाट भागानं, मांड्या आणि नितंब मुठीनं. अंगठा फक्त फऱ्याच्या कडेला आणि तळपायाला, तोही मागून दुसऱ्या हाताचा आधार देऊन आणि एका जागी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. कोपराचं टोक मात्र मणक्यावर, गुडघ्यामागच्या खळग्यात किंवा काखेत कधीच नाही.

तेलही बघा. अभ्यंगाला शंभर-दीडशे मिलिलिटर लागतं, कबूल. पण एखादी गाठ सोडवायची असेल तेव्हा तिथलं तेल पंचानं टिपून घ्या. निसरड्या अंगावर हात पकड शोधत राहतो आणि अंगठा तिथंच झिजतो.

किती दिवस निभेल? दिवसाला चार अभ्यंगांवर आणलंत तर पुष्कळ वर्षं. बारा वर्षांत तुमच्या हाताला जे कळलंय ते नव्या मुलांना शिकवण्याचा अर्धा दिवस आत्ताच मागून घ्या. तेल मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल इतकंच तापवायचं, तेही गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून. मधुमेह्याच्या तळपायाला चटका लागला तर त्याला कळत नाही, म्हणून तिथं दोनदा तपासायचं. ताप, अजीर्ण, दाटलेला कफ असेल त्या दिवशी अभ्यंग नाही. हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवलं तरच शिकणाऱ्याच्या हातात उतरतं.

प्रश्न: ओळखीच्या एका आजींना स्तनाचा कर्करोग पसरलेला आहे. त्यांची मुलगी म्हणते, तुम्ही येऊन पाय चोळून द्या, आईला बरं वाटेल. मला मनापासून करायचं आहे, पण भीती वाटते. मालिशनं कॅन्सर पसरतो असं ऐकलंय. (नाशिक)

उत्तर: हलक्या स्पर्शानं कर्करोग पसरतो, असं दिसून आलेलं नाही. भीती ठेवायची ती दुसऱ्या गोष्टींची. जाण्याआधी मुलीमार्फत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हाडांत पसरलाय का, प्लेटलेट किती आहेत, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका आहे का. हाडांत असेल तर दाबणं, ओढणं, वाकवणं सगळं वर्ज्य, कारण हाड साध्या दाबानंही मोडू शकतं. प्लेटलेट कमी असतील तर बोटांचे वळ उठतात. कर्करोगाच्या गाठीची जागा, रेडिएशन दिलेली त्वचा, औषधाची नळी बसवलेली जागा यांना हात लावू नका. ज्या बाजूचं स्तन काढलं आहे त्या बाजूचा हात सुजला असेल, तर तो चोळून सूज उतरवायला जाऊ नका. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि जोरात चोळल्यानं सूज वाढते.

मग उरतं काय? तळपाय, तळहात, कपाळ, केस. क्रीम लावताना जेवढा दाब पडतो तेवढाच. पंधरा मिनिटं. चहाचा एक चमचा कोमट तेल, वासाचं नको. केमोथेरपीत वासानं मळमळतं. आधी विचारा, ‘आजी, आज पायाला हात लावू का?’ आणि त्या नको म्हणाल्या तर नुसतं शेजारी बसा. स्वतःच्या शरीरावर बाकी सगळं त्यांना न विचारता होत असतं. सुया, नळ्या, कूस बदलणं. ‘नको’ म्हणण्याची मुभा त्यांना तुमच्याकडे मिळते. हात ठेवून घोट्यापासून बोटांपर्यंत सावकाश आणा, बोटांशी पोचल्यावर झटकन सोडू नका. कपाळाची आठी सैल होते का, श्वास लांब होतो का, यावर नजर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मुलीला शिकवा. तुम्ही आठवड्यातून एकदा जाल, ती रोज रात्री आईचे पाय हातात घेऊ शकेल.

हे काम पुढे करावंसं वाटलं, तर वेदनाशामक सेवा देणाऱ्या संस्थांकडे चौकशी करा. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात काळजी घेणारी जागा. पुण्यात वारज्याला सिपलाचं केंद्र आहे. तुम्हाला नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा.

प्रश्न: भाऊ म्हणतो, ‘लोकांचे पाय चेपायचं काम करतेस.’ आणि कामावर काही पुरुष गिऱ्हाइकं नको ते मागतात. दोन्हीकडून कोंडी होते. (ठाणे)

उत्तर: भावाला सांगा, कोल्हापूरच्या तालमीत पैलवान एकमेकांची अंगं रगडतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पाटण्याचा शेख दीन महंमद इंग्लंडात ब्रायटनला जाऊन चंपी करायला लागला, तो दोन राजांचा नेमलेला मालिशवाला झाला; ‘शाम्पू’ हा शब्द चंपीच्याच कुळातल्या हिंदी ‘चाँपना’वरून, म्हणजे दाबणं-चेपणं यावरून, इंग्रजीत गेला.

गिऱ्हाइकांचं मात्र गंभीर आहे. सुरुवातीलाच एक वाक्य म्हणा: ‘ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा राहील, बाकी चादर राहील.’ नको ते मागितलं किंवा हात लावला, तर हात उचला, दोन पावलं मागे या, ‘सेशन इथं संपलं’ म्हणा आणि बाहेर पडा. समजावत बसू नका. वेळ आणि शब्द त्याच दिवशी लिहून मॅनेजरला द्या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा गिऱ्हाइकानं केलेल्या त्रासालाही लागू होतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे; कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार देता येते. मालक म्हणाला ‘सांभाळून घे’, तर ती जागा सोडा. काम सोडू नका.

प्रश्न: काशाच्या वाटीनं तळपाय घासताना तूप काळं पडतं. गिऱ्हाईक विचारतं, अंगातली उष्णता बाहेर आली का? काय सांगायचं? (सातारा)

उत्तर: खरं ते सांगा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातूचे अगदी बारीक कण निघतात, तुपातल्या आणि घामातल्या आम्लांशी त्यांचा संयोग होतो आणि तूप करडं-काळं होतं. वाटी स्वच्छ सुती कापडावर तूप लावून दहा मिनिटं घासून दाखवा, कापडही काळं होईल. पण माणसाला झोप लागते ती खरी लागते, आणि ती लागते गुळगुळीत, जड धातू एका लयीत तळव्यावरून फिरतो म्हणून. एका पायाला चहाचा अर्धा चमचा साजूक तूप, टाचेकडून बोटांकडे लांब फेरे, मग तळव्याच्या कमानीत गोल, एकूण दहा-बारा मिनिटं. भेगा पडून रक्त येत असेल किंवा मधुमेह्याच्या पायाला जखम असेल तर वाटी नको. झाल्यावर काळं तूप आधी कोरड्या कापडानं पुसा, मग कोमट पाण्यानं पाय धुवा, आणि बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करा. माणूस उठून फरशीवर पाय ठेवेल तेव्हा तळव्याला तूप राहिलेलं नसावं.